शंभरातल्या सत्तर पेशी

गोळी घशात अडकली, एवढंच झालं. अकराच्या चहाआधी प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये जायचं, कडी लावायची, पर्सच्या आतल्या कप्प्यातून दातांच्या डॉक्टरांनी दिलेली कागदाची पुडी काढायची आणि ओंजळभर पाण्याबरोबर एक गोळी पोटात ढकलायची, हे ताईचं अकरा आठवडे बिनबोभाट चाललं होतं. आज बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, ती दचकली, पाणी पुढे गेलं आणि गोळी मागे राहिली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, नाक झोंबलं आणि शेवटी गोळी बेसिनमध्ये येऊन पडली. वरचं पांढरं आवरण विरघळून गेलं होतं आणि आतून ती पिवळीजर्द होती. नळाच्या पाण्याबरोबर एक पिवळी रेघ बेसिनच्या भोकापर्यंत ओघळत गेली. तिने नळ बंद केला. बाहेरच्या बाईने पुन्हा दार वाजवलं, ताई "आले, आले" म्हणाली, पण जागची हलली नाही. हा पिवळा रंग तिच्या रोजच्या ओळखीचा होता. आज सकाळीच तिने तो काट्यावर तोलला होता, पाण्यात विरघळवला होता आणि उजेडाने खराब होऊ नये म्हणून त्या नळीला चांदीचा कागद गुंडाळला होता. अकरा आठवडे दर बुधवारी ती हेच करत आली होती. आणि तीच पावडर साखरेच्या अंगरख्यात घालून सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या पोटात सोडत होती. तिने गोळी कागदात गुंडाळली, बेसिन धुतलं, परत एकदा धुतलं आणि दार उघडलं.

तिचं काम साधं होतं. म्हणजे सांगायला साधं. दर बुधवारी सकाळी साडेआठला तिच्याच दंडातून थोडं रक्त काढायचं. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या. त्यांचे दोन भाग करून एक नळी साधी ठेवायची आणि दुसरीत ती पिवळी पावडर घालायची. मग दोन्ही नळ्यांत यीस्ट सोडायचं, पावात घालतात तेच, आणि अंगाइतक्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचं. पांढऱ्या पेशींना परकं काही दिसलं की त्या ते गिळतात, त्यांचा जन्मच त्यासाठी. अर्ध्या तासाने काचेवर थेंब पसरायचा, जांभळा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशी मोजायच्या. शंभरातल्या किती जेवल्या आणि किती उपाशी बसल्या, तेवढं लिहायचं. प्रश्न असा होता की जंतू मारणारं हे औषध आपल्याच पेशींची भूक मारतं की काय. पाचव्या मजल्यावरच्या वॉर्डात अशी माणसं होती की उपचारांनी त्यांच्या पांढऱ्या पेशी बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. त्यांना जंतूंचं औषध तर द्यायलाच हवं, पण उरल्यासुरल्या पेशी गुंगवणारं औषध दिलं तर घरचे पहारेकरीच झोपवल्यासारखं. दोन औषधांपैकी कुठलं द्यायचं ते या खोलीतल्या आकड्यांवरून ठरणार होतं. शुक्रवारी बैठक होती. आज बुधवार, अकरावा आणि शेवटचा.

रक्त ताईचंच का, तर अकरा वर्षं तिचंच होतं म्हणून. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावून म्हटलं होतं, "बघा, या तुमच्या." त्या दिवशी तिने आपल्याच पेशी जेवताना पाहिल्या. एकेकीच्या पोटात चार-चार, पाच-पाच दाणे. शंभरातल्या सत्तर जेवलेल्या, कधी एकाहत्तर, कधी एकोणसत्तर. वर्षानुवर्षं त्यात फरक नाही. लोक येत, एकदा रक्त देत, चक्कर आली म्हणत, पुन्हा तोंड दाखवत नसत. ताईचा दंड मात्र बुधवारी साडेआठला हजर. शाळेत तिचा कधी कशात नंबर आला नव्हता, धावण्यात नाही, गाण्यात नाही, गणितात तर नाहीच. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी "मुलगी चारचौघींसारखी आहे" असं म्हटलं होतं आणि ते कौतुक समजायचं की काय हे तिला आजतागायत कळलेलं नव्हतं. आणि इथे, या औषधांच्या वासाच्या खोलीत, बाकी सगळ्यांचं रक्त तिच्या रक्ताशी ताडून बघत होते. त्या संध्याकाळी ती जेवताना नवऱ्याला म्हणाली होती, "माझ्या पेशी फार खादाड आहेत म्हणे." तो म्हणाला, "तरीच! कुणावर गेल्यात हे मला विचारू नकोस." दोघं किती हसले होते. तेव्हा तिचे दात घट्ट होते, तोंडावर हात न ठेवता ती हसू शकत होती.

आईचे दात सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. एकेक करून, दुखल्याशिवाय. आई हसताना ओठांवर पदर धरायला लागली, मग हसायचीच कमी झाली, आणि फोटोत तर तिचं तोंड कायम मिटलेलं. ताईला सत्तेचाळिसावं लागलं आणि एका सकाळी चूळ भरताना जिभेला खालचा पुढचा दात हलल्यासारखा वाटला. तिने कुणाला सांगितलं नाही. दुपारच्या सुट्टीत गुपचूप दातांच्या डॉक्टरांकडे गेली. हिरड्या सैल झाल्यात म्हणून त्यांनी खरवडल्या, पुडी हातात दिली आणि म्हणाले, "दिवसातून दोनदा, तीन महिने. अगदी कमी ताकदीची आहे, पोटालाही लागायची नाही." गोळीचं नाव तिने विचारलंच नाही. इथेच तर सगळी गोम होती. रक्त द्यायला दारात येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती खडसावून विचारायची की गेल्या पंधरा दिवसांत कुठलं औषध घेतलंत, आठवून सांगा, सर्दीचंसुद्धा सांगा. एका धडधाकट पोस्टमनला तिने खोकल्याच्या चमचाभर औषधापायी परत पाठवलं होतं. आणि स्वतःच्या फॉर्मांचा गठ्ठा ती महिन्याच्या सुरुवातीला एका बैठकीत भरून ठेवायची. ताप नाही, आजार नाही, औषध नाही, खाली सही, फक्त तारीख तेवढी रिकामी. अकरा वर्षांची हाताला लागलेली सवय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, सहीनिशी.

चहा टेबलावर गार होत राहिला. ती कपाटापाशी गेली आणि जुन्या वह्या काढल्या, जणू काही हरवलंय म्हणून शोधतेय. गेल्या वर्षीच्या पानांवर सत्तर, एकाहत्तर, सत्तर. मग या अभ्यासाची वही. पहिल्या बुधवारी साधी नळी साठ. दुसऱ्या बुधवारी एकोणसाठ. मग अठ्ठावन्न, सत्तावन्न, सत्तावन्न. समासात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'यीस्ट नवीन, कमी गिळलं जातं.' नव्या यीस्टवर खापर फोडताना तिने एकदाही स्वतःकडे पाहिलं नव्हतं, आणि बाकी कुणी तरी कशाला पाहील? ताईचं रक्त ते ताईचं रक्त. ती वही धरून उभी राहिली. साधी नळी साधी नव्हतीच. दोन्ही नळ्यांत औषध होतं. एकीत ती हाताने घालत होती आणि दुसरीत तोंडाने. गोळीने आधीच भूक मेलेल्या पेशींवर नळीतली पावडर आणखी काय फरक दाखवणार?

पण एवढ्याशा गोळीने एवढं होईल? तिने स्वतःशी हुज्जत घातली. कमी ताकदीची आहे, डॉक्टरच म्हणाले. यीस्टचंही काही असेल. वय झालं, पेशींचंही होत असेल. एक वाजता ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. तिने नाव विचारलं आणि त्यांनी सांगितलं. तीच पावडर. "पण घाबरू नका," ते म्हणाले, "जंतू मारायला नाही दिलेली. त्याला एवढी कमी पुरत नाही." मग कशाला दिली, तिने विचारलं. ते खुशीत आले, कुणी विचारत नसावं. "त्याचं असं आहे, हिरडीचं निम्मं नुकसान जंतू करत नाहीत. आपल्याच पांढऱ्या पेशी करतात. जंतूंवर धावून येतात आणि आवरतच नाहीत, आजूबाजूचं सगळं खाऊन ठेवतात. तुमच्या जरा अतीच उत्साही दिसतात. या गोळीने त्या थोड्या गप्प बसतात. दात वाचतो." ताईने थँक्यू म्हटलं. खाली कुणीतरी बादली सरकवत जिना पुसत होतं. तिने जिभेने तो दात चाचपला. तो हलत नव्हता. खरंच हलत नव्हता. गोळीने आपलं काम चोख केलं होतं. तिला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. ज्यांच्या खादाडपणाचा तिने अकरा वर्षं तोरा मिरवला त्याच तिचं तोंड आतून पोखरत होत्या, आणि त्यांना गप्प करून ती निवांत हसायला लागली होती.

आता हे चिमणीला सांगायचं होतं. चिमणी म्हणजे हा अभ्यास चालवणारी संशोधक पोरगी, वय अठ्ठावीस, दिवसभर चिवचिव, डबा कधीच पुरता संपवत नसे म्हणून ताईनेच ठेवलेलं नाव. तिचं काम आधी दोनदा फसलेलं. एकदा फ्रीज बंद पडला म्हणून, एकदा मॅडमनी विषयच बदलला म्हणून. तिची मुदत या महिनाअखेर संपत होती. काचांवरची नावं झाकून ती फक्त नंबर घालायची, कशाची काच ते माहीत नसताना ताई मोजायची आणि शेवटी चिमणी नंबर उघडायची. इमान राखावं तर असं. दुपारी ताईने आजच्या काचा मोजल्या. हातातलं यंत्र टकटक वाजत राहिलं आणि प्रत्येक उपाशी पेशीपाशी तिचं बोट अडखळत राहिलं. एक पेशी यीस्टच्या दाण्याला टेकून बसली होती, एका अंगाने त्याला वेढायला निघालेली आणि मध्येच थांबलेली. ताई तिच्याकडे बराच वेळ बघत बसली. मग तिने ती उपाशी म्हणून मोजली.

चार वाजता चिमणीने नंबर उघडले आणि खुर्चीसकट गर्रकन फिरली. "ताई! साधी सत्तावन्न, औषधाची छप्पन्न. अकरा बुधवार, एकदाही दोनपेक्षा जास्त फरक नाही. आपलं औषध निर्दोष आहे हो!" तिने ताईचे दोन्ही हात धरले. तिची बोटं गार होती, नखं कुरतडलेली. "तुमच्यामुळे झालं. दुसऱ्या कुणाचं रक्त इतकं सरळ वागलं नसतं." तेवढ्यात पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा फोन आला आणि चिमणीने तो स्पीकरवर टाकला. "मग शुक्रवारी ठेवू ना बैठकीत?" ते म्हणाले. "माझ्याकडे सध्या सहा जण आहेत. एकीचं तर वय बावीस. नाणं उडवून औषध ठरवायची पाळी आली होती." "उडवू नका डॉक्टर," चिमणी म्हणाली, "आमचं घ्या." ते हसले. ताईने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. "ताई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" चिमणीने विचारलं. ताई म्हणाली, "डोकं जरा," आणि पर्स उचलून निघाली.

रस्ताभर तिच्या डोक्यात वकील भांडत राहिले. एक म्हणत होता की एवढ्या कमी औषधाने फरक पडला याला पुरावा काय. दुसरा म्हणत होता की सत्तरच्या सत्तावन्न झाल्या हाच पुरावा. पहिला म्हणाला की पोरीचं वाटोळं होईल. दुसऱ्याने बावीस वर्षांच्या मुलीचं नाव विचारलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. सिग्नलला थांबलेल्या बसच्या काचेत तिला आपला चेहरा दिसला, ओठ घट्ट मिटलेले. बसस्टॉपवर एक माणूस सफरचंद खात होता, सालासकट, करकर आवाज करत. तिला त्याचा राग आला. मग लक्षात आलं की राग त्याचा नव्हता. खरं सांगायचं तर तिला पोरीची काळजी होती, पण त्या काळजीच्या खालच्या थराला आणखी एक भीती होती, आणि त्या भीतीची लाज वाटत होती. यापुढे बुधवारी साडेआठला कुणी तिचा दंड मागणार नाही, ही ती भीती. सहा माणसांच्या जिवासमोर हिला आपल्या दंडाची पडली होती. माणूस आतून कसा असतो ते काचेवर जांभळा रंग देऊन दिसत नाही, हे बरंच आहे.

नवरा सातला आला. तो लिफ्टची तपासणी करायचा, शहरभर हिंडून, खांद्याला तेलाचा डाग असलेली पिशवी घेऊन. ती पोळ्या लाटत होती. "आज वाटेत दोन बस बदलल्या की कोपऱ्यापर्यंत चालत आलात?" तिने उगाच विचारलं. तो गेली तेरा वर्षं दोन बस बदलून यायचा आणि सरळ बस सोडून असं का, तर म्हणे गर्दी कमी असते. "दोन," तो म्हणाला. ती लाटत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "अहो, कामात एखादी चूक झाली आणि कुणालाच कळली नाही, असं कधी झालंय तुमचं?" तो पाणी पीत होता. त्याने पेला खाली ठेवायला वेळ लावला. "एकदा," तो म्हणाला. "तपासलं नव्हतं आणि तपासलं म्हणून सही केली. काही झालं नाही. दुसऱ्याच महिन्यात जाऊन नीट केलं." "मग?" "मग काय. त्या इमारतीसमोरून सरळ बस जाते." तिचं लाटणं थांबलं. तेरा वर्षं. तेरा वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी शहराला वळसा घालून घरी येत होता आणि ती त्याला गर्दीचा कंटाळा समजत होती. "काय झालंय?" त्याने विचारलं. "पोळी करपेल," ती म्हणाली, आणि पोळी खरंच करपली. जेवताना ती तोंडावर हात न ठेवता त्याच्याकडे बघून म्हणाली की माझा दात हलायला लागला होता, चार महिने झाले. तो म्हणाला, "अगं, मग सांगायचंस ना." एवढंच. त्या सांगायचंसमध्ये राग नव्हता, तरी तिला हुंदका आला.

गुरुवारी सकाळी आठला चिमणी एकटीच खोलीत होती. अहवाल छापून टाचण्या लावत होती. ताईने पर्स खाली ठेवली नाही, नाहीतर पाय मागे फिरले असते. "चिमणे, ती पिवळी पावडर मी खातेय," ती म्हणाली. चिमणी हसली. "काट्यावरून उडते, नाकात जाते, हो ना?" "नाही. गोळीतून. दातांसाठी. दिवसातून दोनदा, अकरा आठवडे." ताईने जुनी वही उघडून तिच्यापुढे ठेवली, सत्तर, सत्तर, एकाहत्तर, आणि शेजारी नवी. चिमणी वाचत गेली. तिचं बोट समासातल्या 'यीस्ट नवीन'वर थांबलं. "तुम्ही मला सर्दी झाली तर खोलीत येऊ देत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही. ताई, तुम्ही?" ताई म्हणाली, "हो, मीच." माझं लक्ष नव्हतं, ती सांगणार होती, पण ते खरं नव्हतं. "मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं," ती म्हणाली. "दाताचं. मग गोळीचंही स्वतःला कळू दिलं नाही." चिमणीने टाचण्यांची डबी बंद केली. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने ओरडायला हवं होतं असं ताईला वाटलं.

मॅडमना दोघी मिळून सांगायला गेल्या. त्यांनी दोन्ही वह्या पाहिल्या, चष्मा काढून डोळे चोळले आणि पाचव्या मजल्यावर स्वतः फोन लावला. "शुक्रवारचं रद्द. आमची चूक आहे. त्यांना दुसरं औषध द्या, हे नको." मग चिमणीला म्हणाल्या, "मुदत मी वाढवून बघते. सहा आठवडे मिळतील, जास्त नाही." आणि ताईला, फारसं न बघता, "तुमचं रक्त आता नको." त्यात शिक्षा नव्हती, हिशेब होता. बाहेर आल्यावर ती कॉरिडॉरमध्ये उगाच नोटीस बोर्ड वाचत उभी राहिली. आग लागल्यास काय करावे. पाच मुद्दे. तिने ते तीनदा वाचले. मागून चिमणी म्हणाली, "चला. माझं घ्या." "काय?" "रक्त. आज गुरुवार असला म्हणून काय झालं. यीस्ट तयार आहे. निदान एक खरा आकडा हातात येऊ दे, नाहीतर मी घरी जाऊन भिंतींकडे बघत बसेन."

खुर्चीत आज चिमणी बसली, जिथे अकरा वर्षं ताई बसायची. तिने बाही वर सारली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची गच्ची, टाकी, एक बंद अँटेना. ताईने पट्टा बांधला. दंड किती बारीक होता पोरीचा. शीर चाचपताना तिला हाताखाली ठोके लागले, भरभर पडणारे. स्पिरिटचा बोळा फिरवला. सुई उघडली. "मूठ वळ," ती म्हणाली. चिमणीने मूठ वळली. सुई कातडीपासून बोटभर अंतरावर होती तेव्हा चिमणी म्हणाली, "थांबा."

ताई थांबली.

"माझंही नको," चिमणी खिडकीकडे बघतच म्हणाली. "मी झोपेच्या गोळ्या घेते. सात महिने झाले. आधी अर्धी, आता दोन. डॉक्टरने एक सांगितलीय." तिची मूठ अजून वळलेलीच होती. "घरी कुणाला माहीत नाही. मॅडमना नाही. काल आकडे आले तेव्हा वाटलं आज तरी गोळीशिवाय झोप लागेल. नाही लागली." मग ती पहिल्यांदा ताईकडे वळली आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "मी आत्ता तुम्हाला नाही म्हणून सांगणार होते, ताई. तुम्ही औषधाचं विचारलं असतं ना, तर सरळ नाही म्हणणार होते."

ताईच्या घशाशी दहा गोष्टी आल्या. होतं असं, काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल. यातलं काहीच तिला खरं माहीत नव्हतं. तिने सुईला टोपण घातलं, पट्टा सोडला, पट्ट्याने दंडावर उमटलेला लाल वळ अंगठ्याने हलकेच चोळला आणि स्टूल ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसली.

"दोन कशाला लागायला लागल्या?" तिने विचारलं. "पहिल्यापासून सांग. मला आज काही मोजायचं नाहीये."